शनिवारवाड्यातली हाक

बालदोस्तांनो, पुण्याच्या शनिवारवाड्याची ती गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. पुण्यात राहत असाल तर वर्गातल्या एखाद्या मित्राने, नसाल तर पुण्याहून आलेल्या मावसभावाने, रात्री दिवे गेल्यावर, आवाज खाली आणून ती सांगितली असेल. मध्यरात्र होते, रस्ता सामसूम होतो, आणि वाड्याच्या भिंतीआडून एका मुलाचा आवाज येतो, "काका, मला वाचवा!"

आता गंमत पाहा. ही हाक कधी ऐकू येते असं विचारा. एक म्हणतो पौर्णिमेला, दुसरा म्हणतो अमावास्येला. तुम्ही स्वतः ऐकली का, असं विचारा. मग उत्तर ठरलेलं, "मी नाही, पण आमच्या ओळखीच्या एकाने ऐकली!" त्या ओळखीच्याला गाठलंत तर तो आणखी एका ओळखीच्याकडे बोट दाखवतो. असं करत करत तुम्ही अख्खं पुणं फिरून याल, पण ऐकणारा काही सापडायचा नाही.

तरीही ही गोष्ट खोटी म्हणून सोडून देऊ नका हं. भुताचं राहू द्या, पण हाकेच्या मागे एक खरीखुरी घटना आहे. भुतापेक्षा ती जास्त अंगावर येते. चला तर, आज आपण भुताचा नव्हे, त्या वाड्याचा माग काढू या.

वाडा बांधला पहिल्या बाजीराव पेशव्यांनी. १० जानेवारी १७३० रोजी त्याचा पाया घातला गेला. तो दिवस शनिवार. २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली. तोही शनिवार! बाजीराव तेव्हा किती वर्षांचे होते? पाया घातला तेव्हा अवघे एकोणतीस. या कामाला १६,११० रुपये खर्च आला. आज तेवढ्यात दोन चांगल्या सायकली येतील. पण त्या काळी ती केवढी मोठी रक्कम होती, ते आजोबांच्या आजोबांनाच ठाऊक!

वाड्याला पाच दरवाजे आहेत आणि तटाला नऊ बुरूज. सगळ्यात मोठा तो उत्तरेकडचा दिल्ली दरवाजा. त्याच्या कवाडांवर हाताएवढे लांब लोखंडी खिळे आहेत, एकेका कवाडावर बहात्तर. ते कशाला, ठाऊक आहे? शत्रूने दार फोडायला हत्ती आणला, तर त्याच्या कपाळाला टोचावेत म्हणून. कपाळ बरोबर त्याच उंचीवर येतं. दरवाजाच्या वर नगारखाना आहे. तिथे उभं राहिलं की सगळा वाडा एका नजरेत दिसतो.

या जागेचीही एक गोष्ट सांगतात. बाजीराव घोड्यावरून जात होते. पाहतात तो काय, एक ससा चक्क कुत्र्याच्या मागे लागलाय! ज्या मातीत ससा कुत्र्याला पळवतो ती माती शूरांची, म्हणून वाडा इथेच बांधायचा असं त्यांनी ठरवलं. छान आहे ना गोष्ट? पण तुम्ही कधी हंपीला गेलात, तर तिथला वाटाड्याही सांगेल की हरिहर आणि बुक्क यांनी इथे ससा कुत्र्यांवर उलटताना पाहिला, म्हणून विजयनगर वसवलं. अहमदाबादेतही हाच ससा आणि हाच कुत्रा, फक्त पाहणारा सुलतान अहमदशहा. विजयनगर वसलं १३३६ साली, अहमदाबाद १४११ साली. म्हणजे पुण्याला येईपर्यंत बिचारा ससा चारशे वर्षं धावत होता!

हसू नका. यातून एक फार कामाची गोष्ट कळते. माणसांसारख्या गोष्टीही प्रवास करतात. मोठी वास्तू दिसली की त्या तिथे मुक्काम ठोकतात. वाडा नवा असला की पराक्रमाच्या गोष्टी येतात, वाडा पडका झाला की भुताच्या.

आता त्या हाकेकडे वळू.

१७६१ साली पानिपतावर मराठ्यांचा मोठा पराभव झाला. त्यात नानासाहेब पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ गेले. त्याच वर्षी नानासाहेबही गेले. मग दुसरा मुलगा माधवराव सोळाव्या वर्षी पेशवा झाला. त्याने कारभार उत्तम सांभाळला, पण क्षयाने १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला त्याचा अंत झाला. तो सत्तावीस वर्षांचा होता. उरला धाकटा नारायणराव, वय सतरा. तो पेशवा झाला. आपल्याकडे या वयाचा दादा अकरावी-बारावीत असतो, पहा!

घरात एक काका होते, रघुनाथराव. लोक त्यांना राघोबादादा म्हणत. हे काही ऐरेगैरे नव्हते. १७५८ साली ज्यांच्या फौजा पार अटकेपर्यंत गेल्या, तेच हे राघोबादादा. पण पेशवेपद आपल्याला मिळावं ही इच्छा त्यांच्या मनातून जात नव्हती. माधवरावांशी त्यांच्या लढाया झाल्या आणि त्यांना याच शनिवारवाड्यात नजरकैदेत राहावं लागलं. नारायणरावाच्या काळात ते पुन्हा कैदेत पडले. एकाच वाड्याच्या एका चौकात पुतण्या राज्य करतोय आणि दुसऱ्या चौकात काका कोंडलेले. जेवणाची ताटं एकाच मुदपाकखान्यातून जात असतील, पण मनं पार तुटलेली.

वाड्यावर पहारा होता गारद्यांचा. गारदी म्हणजे कवायत शिकलेलं पगारी पायदळ. त्यांचे मुख्य होते सुमेरसिंग, महंमद इसफ आणि खरकसिंग. वाड्यातलाच एक नोकर तुळाजी पवार त्यांना सामील झाला. राघोबादादांना सोडवायचं आणि नारायणरावाला धरायचं, असा कट शिजला.

३० ऑगस्ट १७७३. गणेशोत्सवाचे दिवस होते. काहीतरी शिजतंय याची कुणकुण नारायणरावाला सकाळीच लागली होती. त्याने आपले सरदार हरिपंत फडके यांना बंदोबस्त करायला सांगितलं. पण बंदोबस्त होण्याआधीच, भर दुपारी, थकलेल्या पगाराचा आरडाओरडा करत गारदी वाड्यात घुसले. त्यांच्या हातांत नंग्या तलवारी होत्या. नारायणराव धावत आधी काकू पार्वतीबाईंच्या दालनात गेला, तिथून राघोबादादांकडे. त्याने काकांना मिठी मारली आणि जीव मागितला, असं जुनी वर्णनं सांगतात. त्याचीच पुढे लोकांच्या तोंडी हाक झाली, "काका, मला वाचवा!" गारद्यांनी त्याला तिथून ओढलं आणि मारलं. त्याला अठरावं वर्ष पुरं होऊन जेमतेम वीस दिवस झाले होते.

आता तुम्ही म्हणाल, "पण धरायचं ठरलं होतं ना, मग मारलं कसं?" इथे येते 'ध चा मा' ची गोष्ट. राघोबादादांनी चिठ्ठीत लिहिलं होतं 'धरावे', आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी 'ध' खोडून 'मा' केला, म्हणजे झालं 'मारावे'. आजही कुणी मजकुरात लबाडी केली की आपण म्हणतो, "ध चा मा केला!" पण या गोष्टीला अस्सल कागदाचा आधार नाही, दोस्तांनो. दोनशे पन्नास वर्षं एक बाई एका अक्षरापायी बदनाम झाली आहे. इतिहासात कुणावर आरोप करायचा, तर आधी पुरावा मागायचा, मग तो आरोप कितीही चविष्ट असो. परीक्षेत शेजाऱ्याने सांगितलेलं उत्तर तुम्ही तपासून घेता ना, तसंच हे!

मी अधूनमधून शाळकरी मुलांना वाडा दाखवायला नेतो. हा प्रसंग सांगितला की सगळे चिडीचूप होतात. एकदा सहावीतल्या एका मुलीने हात वर केला. मला वाटलं, ही विचारणार भूत कुठे दिसतं. तिने विचारलं, "त्या दिवशी फक्त तेच मेले का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. उत्तर असं, की नाही. त्या दुपारी वाड्यात आणखीही माणसं मारली गेली. नोकर होते, दासी होत्या. त्यातला एक चाफाजी टिळेकर. नारायणरावाचा हा सेवक. तलवारी उगारलेल्या दिसल्या तेव्हा तो पळाला नाही. आपल्या धन्याला वाचवायला तो त्याच्या अंगावर आडवा पडला आणि त्याच्याबरोबर मेला.

मी हे सांगितल्यावर ती मुलगी म्हणाली, "मग त्याचा आवाज का नाही येत रात्री?"

सांगा बरं, काय उत्तर द्यायचं? चाफाजी तर मदत मागतसुद्धा नव्हता, मदत करत होता. पण त्याचं भूत कुणी पाहिलेलं नाही, त्या दासींची हाक कुणी ऐकलेली नाही. भुताच्या गोष्टीतही मोठ्या माणसालाच जागा मिळते, असं दिसतं! इतिहास वाचताना असं होऊ देऊ नका. राजाचं नाव पाठ करा, पण त्याच्या शेजारी कोण उभं होतं, तेही विचारा.

पुढे काय झालं? राघोबादादा पेशवे झाले. गादी मिळाली, कैद संपली. कोण विचारणार होतं त्यांना? फौज त्यांची, खजिना त्यांचा, वाडा त्यांचा.

एका माणसाने विचारलं. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे. साताऱ्याजवळच्या माहुलीचा हा माणूस. त्यांनी खुनाची चौकशी केली, माग थेट राघोबादादांपर्यंत पोचला, आणि त्यांनी तसं तोंडावर सांगितलं. या गुन्ह्याला प्रायश्चित्त काय, असं विचारल्यावर त्यांनी 'देहान्त प्रायश्चित्त' असं उत्तर दिलं, असं परंपरेने सांगतात. म्हणजे काय, कळलं ना? ज्याच्या हाती स्वतःचं पद आणि जीव, त्यालाच 'तुम्हाला मृत्युदंड हवा' असं सांगायचं! मग रामशास्त्रींनी पद सोडलं आणि ते पुण्याबाहेर निघून गेले.

राघोबादादांना ती शिक्षा झाली का? नाही झाली. पण त्यांना गादीही पचली नाही. नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत फडके अशा कारभाऱ्यांनी एकजूट केली. तेच 'बारभाई'. नारायणरावाची पत्नी गंगाबाई गरोदर होती. तिला त्यांनी पुरंदर किल्ल्यावर सुरक्षित ठेवलं. तिथे १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावाचा जन्म झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवेपदाची वस्त्रं मिळाली. राघोबादादा इंग्रजांकडे गेले. १७७५ साली सुरतेला त्यांनी इंग्रजांशी तह केला. त्यातून इंग्रज-मराठे युद्ध पेटलं, ते १७८२ च्या सालबाईच्या तहाने थांबलं. पुढच्याच वर्षी कोपरगावला राघोबादादांचा अंत झाला. रामशास्त्री मात्र बारभाईंच्या काळात पुन्हा न्यायासनावर बसले. १९४४ साली प्रभातने त्यांच्यावर 'रामशास्त्री' हा चित्रपट काढला. आईबाबांना विचारा, त्यांनी नक्की पाहिला असेल. नाहीतर आजीने तरी!

वाड्याचं दुर्दैव एवढ्यावर संपलं नाही. सवाई माधवराव मोठा झाला. वाड्यात त्याच्यासाठी बांधलेलं हजारी कारंजं आजही पाहायला मिळतं, सोळा पाकळ्यांच्या कमळासारखं. १७९५ च्या ऑक्टोबरात हाच एकवीस वर्षांचा पेशवा वाड्याच्या माडीवरून खाली पडला आणि दोन दिवसांनी गेला. बाप अठराव्या वर्षी, मुलगा एकविसाव्या वर्षी, दोघेही याच भिंतींच्या आत. मग गादीवर आला दुसरा बाजीराव. कुणाचा मुलगा? राघोबादादांचा! १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचा झेंडा लागला आणि पेशवाई बुडाली.

नंतर इंग्रजांनी या वाड्यात तुरुंग ठेवला, दवाखाना ठेवला आणि वेड्यांचं इस्पितळही. विचार करा, ज्या दिवाणखान्यांत सनई वाजायची, तिथे कैद्यांच्या बेड्या वाजू लागल्या. आणि १८२८ च्या फेब्रुवारीत वाड्याला आग लागली. ती सात दिवस धुमसत होती म्हणतात. आतलं सगळं काम सागवानी लाकडाचं. खांब, तुळया, जिने, नक्षीची छतं, सगळ्याची राख झाली. उरले ते दगडी तट, बुरूज, दरवाजे आणि जोती. १९१९ साली वाडा संरक्षित स्मारक झाला. मग आतली माती उपसली, तेव्हा ती जोती आणि कारंजी पुन्हा उजेडात आली.

आता इतिहास तुमच्या हातात आहे. चला, भुताची उलटतपासणी घेऊ या!

पहिला प्रश्न. खून झाला भर दुपारी. मग हाक मध्यरात्रीच का? भुताला घड्याळ कळत नाही की काय?

दुसरा प्रश्न. नारायणराव ज्या दालनांतून पळाला, जिथे त्याने काकांना मिठी मारली, ती दालनं १८२८ मध्ये जळून गेली. आज तिथे हिरवळ आहे आणि गुडघाभर उंचीची जोती. भूत राहतं तरी कुठे? बिचाऱ्याच्या डोक्यावर छप्परसुद्धा नाही!

तिसरा प्रश्न. मग लोकांना ऐकू काय येतं? कधी जुन्या तटाजवळ रात्री थांबून पाहा, अर्थात बाबांना बरोबर घेऊन. भिंतींच्या फटींत घुबडं राहतात. गव्हाणी घुबड ओरडलं की भल्याभल्यांच्या अंगावर काटा येतो. दोन मांजरं भांडू लागली की हुबेहूब रडणाऱ्या पोराचा आवाज येतो. दरवाजाच्या बोळातून वारा शिरला की घुमतो. आणि तुम्ही मनात "काका, मला वाचवा" घेऊनच उभे असलात, तर त्या आवाजाला शब्द तुमचे कानच देतात.

"मग संध्याकाळनंतर वाड्यात सोडत का नाहीत?" हा प्रश्न मला दर वेळी येतो. अहो, सगळ्याच संरक्षित स्मारकांना वेळ ठरलेली असते. संध्याकाळी तुमची शाळाही बंद होते, ती काय भुतामुळे?

आणि गोष्ट इतकी पसरली कशी? एक तर प्रसंगच तसा. आपल्याच घरात, आपल्याच माणसाकडे मदत मागावी आणि ती मिळू नये, यापेक्षा भयंकर काय असेल? शिवाय कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी याच विषयावर 'भाऊबंदकी' हे नाटक लिहिलं. ते १९०९ साली रंगभूमीवर आलं आणि खूप गाजलं. नाटक पाहून घरी परतणाऱ्या माणसाला अंधारात वाड्यावरून जाताना काय वाटत असेल!

म्हणून मला वाटतं, भुताच्या गोष्टीत एकच मोठी चूक आहे. ती म्हणते, हाक अजून घुमतेय, कारण ती कुणी ऐकलीच नाही. पण ती ऐकली गेली होती, दोस्तांनो. चाफाजीने ऐकली आणि तो आडवा पडला. रामशास्त्रींनी ऐकली आणि खुद्द पेशव्याला जाब विचारला. एकाने जीव दिला, एकाने पद सोडलं. नारायणराव काही वाचला नाही, हे खरं. पण 'मोठ्या माणसाने केला म्हणजे खून खून राहत नाही' असं त्या पुण्यात कुणी म्हणू शकलं नाही, ते या माणसांमुळे. आपण मात्र ही दोन माणसं विसरून घुबडाच्या आवाजाला कान लावून बसतो!

तुमच्या गावातही असा एखादा वाडा असेलच. कुलूप लागलेला, पिंपळ उगवलेला, "तिकडे जाऊ नका रे" म्हणून सगळे सांगतात तसा. आत शिरू नका बरं का, जुन्या भिंतींचा आणि विंचवांचा भरवसा नसतो. पण गावातल्या म्हाताऱ्या माणसांना चार प्रश्न विचारा. हा वाडा कुणी बांधला? तिथे कोण कोण राहायचं, नोकरचाकर धरून? तो ओस का पडला? आणि भुताची गोष्ट सुरू कधी झाली, वाडा ओस पडण्याआधी की नंतर? उत्तरं एका वहीत लिहून ठेवा.

आणि पुण्याला आलात की शनिवारवाड्यात दिवसाच या. दिल्ली दरवाजाचे खिळे मोजा, नगारखान्यावर चढा, हजारी कारंज्याच्या पाकळ्या मोजा. मग त्या हिरवळीवर कुठेतरी घटकाभर बसा आणि शेजारच्या मित्राला चाफाजी टिळेकरची गोष्ट सांगा. त्याने ती नक्कीच ऐकलेली नसेल.